एकट्याने लॉन सांभाळणाऱ्यासाठी कोणते मशीन? २१ इंची पेट्रोल मोवरचे परीक्षण

बंगल्यांच्या, सोसायट्यांच्या आणि फार्महाउसच्या हिरवळी मदतनीस न ठेवता एकट्याने सांभाळण्याचा व्यवसाय करणाऱ्याने पहिले मोठे मशीन कोणते घ्यावे, याचे माझे उत्तर आधीच सांगून टाकतो : मागून चालवायचे, स्वतःच्या जोरावर पुढे सरकणारे, १९ ते २१ इंच रुंदीचे पेट्रोल रोटरी मोवर, म्हणजे आडव्या फिरत्या पात्याने गवत कापणारे मशीन, आणि त्याच्या जोडीला ३५ सीसीच्या आसपासचे चार-स्ट्रोक ब्रश कटर, म्हणजे खांद्याला अडकवून चालवायचे, लांब दांड्याच्या टोकाशी कापणारे मशीन. परीक्षण या वर्गाचे आहे आणि नमुना म्हणून होंडाचे एचआरजे २१६ समोर ठेवले आहे, कारण पुण्यात औंध-बाणेरपासून मुळशीकडच्या फार्महाउसपर्यंत जी कामे मी करतो त्यांत विक्रेते, माळी आणि मेकॅनिक हे तिघेही बाकीची मशीने याच मापाने मोजतात. किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत. विक्रेत्यागणिक आणि हंगामागणिक त्या फार हलतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तर घासाघीस करण्यात अर्थच उरत नाही.

मशीन निवडताना बहुतेक जण अश्वशक्तीपासून सुरुवात करतात. एकट्याने काम करणाऱ्याने ती फाटकापासून करावी. जुन्या बंगल्यांत मागच्या हिरवळीकडे जाणारी वाट घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामधून जाते आणि तिथले लोखंडी फाटक अडीच-तीन फुटांपेक्षा मोठे क्वचितच असते. नव्या सोसायट्यांमध्ये हिरवळ पुष्कळदा जमिनीवर नसतेच. ती पार्किंगच्या स्लॅबवर, पोडियमवर लावलेली असते, तिथे जायला पायऱ्या किंवा सर्व्हिस लिफ्ट असते, आणि लिफ्ट वापरू द्यायची की नाही हे त्या दिवशी फाटकावर कोण बसले आहे यावर ठरते. २१ इंची मशीनचा डेक, म्हणजे पात्यावरचे आवरण, बाहेरून दोन फुटांच्या आसपास भरतो, दांडा दुमडतो, आणि वजन साधारण ४० किलोंच्या घरात असल्यामुळे चार-सहा पायऱ्या मागच्या चाकांवर एकेक करून ओढत चढवता येतात. छोटा हत्ती किंवा व्हॅनमध्ये घालण्यासाठी सहा-सात फूट लांबीची, दोन्ही कडांना पट्टी ठोकलेली मजबूत फळी पुरते. एवढे वजन एकट्याने उचलून गाडीत ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. कंबर धरली तर त्या आठवड्याची सगळी कामे बुडतात, कारण बदली माणूस आपल्याकडे नसतो.

बसून चालवायच्या मशीनचा विचार इथेच संपतो. ४२ इंची डेक म्हणजे साडेतीन फुटांची रुंदी, वर दोनशे किलोंच्या आसपासचे वजन आणि ने-आण करायला ट्रॉली. असे मशीन रिसॉर्टने किंवा महाविद्यालयाने स्वतःच्या मैदानासाठी घ्यावे आणि तिथेच शेडमध्ये ठेवावे. दिवसाला चार-पाच ठिकाणी फिरणाऱ्याच्या ते कामाचे नाही.

रुंदीचा हिशोब एकदा कागदावर मांडला की मोठ्या मशीनची ओढ बरीच कमी होते. २१ इंच म्हणजे सुमारे ५३ सेंटिमीटर. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवावा लागतो, म्हणून प्रत्यक्षात ४८ सेंटिमीटर धरावेत. ताशी साडेतीन किलोमीटर या चालीने तासाभरात सुमारे १६८० चौरस मीटर, म्हणजे साडेसोळा गुंठे, कापले जायला हवेत. वळणे, झाडांची आळी, आणि गवताची पिशवी रिकामी करण्यासाठी पुन्हापुन्हा थांबणे यांत तिसरा हिस्सा वेळ जातो, त्यामुळे मोकळ्या जागेवर हाती दहा-अकरा गुंठे लागतात आणि एक एकराला चार तास धरावे लागतात. आता बंगल्याची हिरवळ दोन गुंठ्यांची असते. तिथे कापणी बारा-पंधरा मिनिटांत उरकते. उरलेला पाऊण तास कडा कोरण्यात, फरशीवरचे कापलेले गवत झाडण्यात आणि गाडीत सामान चढवण्या-उतरवण्यात जातो. ३० इंची मशीन आणून या पाऊण तासातले एक मिनिटही वाचत नाही. म्हणून ज्याची बहुतेक गिऱ्हाइके पाच गुंठ्यांच्या आतली आहेत त्याने १९ इंची मशीन घेतले तरी काही बिघडत नाही. सोसायट्या आणि फार्महाउस जास्त असतील तर २१ इंची घ्यावे.

इंजिनाच्या बाबतीत मात्र मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. एचआरजे २१६ वर होंडाचे जीएक्सव्ही १६० हे १६३ सीसीचे, उभ्या शाफ्टचे, चार-स्ट्रोक इंजिन असते. त्याच्या सिलिंडरमध्ये बिडाची स्लीव्ह, म्हणजे आतली नळी, बसवलेली असते. घरगुती वापराच्या स्वस्त इंजिनांत पिस्टनच्या रिंगा थेट ॲल्युमिनियमच्या भिंतीवर घासतात. रविवारी अर्धा तास चालणाऱ्या मशीनला ते पुरते, पण दिवसाला चार-पाच तास, लाल मातीच्या धुळीत, मे महिन्याच्या उन्हात चालणाऱ्या मशीनमध्ये भिंत लवकर झिजते, तेल जळू लागते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागतो. व्यावसायिक आणि घरगुती यांतला खरा फरक हा आहे. रंग, स्टिकर आणि खोक्यावर छापलेले ‘हेवी ड्यूटी’ हे शब्द त्याविषयी काहीच सांगत नाहीत. खरेदीच्या वेळी इंजिनाचा मॉडेल क्रमांक स्वतः वाचावा आणि बिडाची स्लीव्ह आहे की नाही हे विचारावे. विक्रेत्याला प्रश्नच कळला नाही तर तेही एक उत्तरच समजावे.

इंटरनेटवरील इंग्रजी परीक्षणे वाचून निर्णय घेणाऱ्यांसाठी इथे दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेतील परीक्षणांत होंडाच्या ज्या मोवरची वाखाणणी असते त्यांचे तिथले उत्पादन कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केले. तसेच कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून बनलेली पेट्रोल इंजिनाची नवी बागकामाची यंत्रे विकायला बंदी आहे, त्यामुळे तिथले व्यावसायिक बॅटरीकडे वळतात त्यामागे कायद्याचाही रेटा आहे. शिवाय तिथली बरीचशी हिरवळ थंड हवामानातल्या गवतांची असते, ती अडीच-तीन इंच उंच ठेवतात, आणि एका माणसाच्या वाट्याला येणारी अंगणे आपल्या गिऱ्हाइकांच्या अंगणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. त्यांचा निष्कर्ष त्यांच्यापुरता बरोबर असला तरी बाणेरच्या बंगल्याला लागू पडत नाही.

किमतीचा विचार तासांत करावा. उदाहरणादाखल आकडे घेऊ : समजा एक मशीन ७० हजारांना पडले आणि नीट सांभाळल्यावर १५०० तास चालले, तर तासाला सुमारे ४७ रुपये पडतात. दुसरे २२ हजारांना मिळाले आणि २५० तासांत इंजिन उघडण्याची वेळ आली, तर तासाला ८८ रुपये पडतात, आणि ऐन श्रावणात मशीन बंद राहिल्याने हातचे गेलेले गिऱ्हाईक यात धरलेलेच नाही. एकाच साच्यातून निघालेली आयात मशीने वेगवेगळ्या नावांनी विकली जातात. त्यांतली काही बरी चालतातही. पण त्यांचे पाते, क्लच केबल आणि कार्ब्युरेटर पुढच्या वर्षी त्याच मापाचे मिळतील याची हमी विक्रेता देत नाही, आणि एकट्याच्या धंद्यात तीच हमी विकत घ्यायची असते.

आता पात्याविषयी, कारण गिऱ्हाईक शेवटी पाहते ते पात्याचे काम. आपल्याकडे बंगल्यांत आणि सोसायट्यांत दोन प्रकारची हिरवळ जास्त दिसते. उरुळी कांचन आणि सोरतापवाडीच्या नर्सऱ्यांमधून गालिच्याच्या तुकड्यांसारखी येणारी मेक्सिकन, आणि हरळीच्या जातकुळीतली बारीक पानाची सिलेक्शन नंबर वन. मेक्सिकनची वीण दाट आणि पान चिवट असते. ती वेळेवर कापली नाही तर खाली वाळक्या देठांची गादी साचते, आणि मग कापल्यावर वरचा हिरवा थर निघून जाऊन पिवळे चट्टे उघडे पडतात. अशी हिरवळ एकदम खाली न आणता प्रत्येक कापणीत उंचीचा एक तृतीयांशच भाग काढावा, आणि आठवड्याच्या अंतराने दोन-तीन फेऱ्यांत हव्या त्या उंचीवर यावे. म्हणून मशीन घेताना सर्वांत खालची उंची किती मिळते, मधले टप्पे किती बारीक आहेत, आणि चारही चाके एकाच खटक्याने वर-खाली होतात की प्रत्येक चाकाचा खटका वेगळा आहे, हे पाहावे. वेगळे खटके असले तर घाईत एखादे चाक दुसऱ्या टप्प्यावर राहते आणि पूर्ण हिरवळीवर तिरके पट्टे उमटतात. मशीनला यात दोष देता येत नाही, पण गिऱ्हाइकाला ते समजावून सांगताना नाकी नऊ येतात.

रोटरी मोवरचे पाते गवत कात्रीसारखे कापत नाही, वेगाच्या आघाताने तोडते. पात्याची धार गेली की पान तुटण्याऐवजी फाटते, आणि दोन दिवसांनी हिरवळीवर दुरून पांढुरकी-तपकिरी झाक दिसते. गिऱ्हाईक ‘खत कमी पडले का?’ असे विचारते, आणि खरे कारण गाडीत पडलेले असते. मेक्सिकनवर रोज काम असेल तर आठवड्याला धार लावणे मला योग्य वाटते. दोन पाती ठेवावीत. एक मशीनवर, दुसरे धार लावून तयार. धार साधारण ३० अंशांच्या कोनात ठेवावी, ग्राइंडरवर पाते निळे पडेपर्यंत तापवू नये, आणि शेवटी मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर टांगून तोल पाहावा. जी बाजू खाली जाईल तिचे टोक थोडे घासावे. तोल गेलेले पाते हाताला मुंग्या आणते आणि हळूहळू इंजिनाच्या बेअरिंग व ऑइल सीलवर उठते. पात्याला हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लगची टोपी काढणे, आणि मशीन कलंडवताना एअर फिल्टर व कार्ब्युरेटरची बाजू नेहमी वर ठेवणे, या दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्याव्यात. दुसरी पाळली नाही तर क्रँककेसमधले तेल फिल्टरमध्ये उतरते, मशीन सुरू होत नाही, आणि दोष नसलेले मशीन मेकॅनिककडे जाते.

लग्नाच्या लॉन्सचे काम घेणार असाल तर हा भाग जास्तच लक्षपूर्वक वाचावा. म्हात्रे पुलाजवळच्या डी. पी. रस्त्यावरची लॉन्स पुण्यात प्रसिद्ध आहेत, आणि आता शहराबाहेरच्या रस्त्यांवरही अशी ठिकाणे वाढली आहेत. कामाचे वेळापत्रक मुहूर्तांवर चालते : चातुर्मासात लग्ने नसतात, नेमकी तेव्हाच हिरवळ सर्वांत जोमाने वाढते, आणि तुळशीच्या लग्नानंतर मालकाला गालिचा तयार हवा असतो. कार्यक्रम झाल्यावर त्या गवतात मांडवाचे खिळे, बांधणीची तार, झेंडूच्या माळांचा दोरा, प्लॅस्टिकचे चमचे आणि थर्माकोलचा चुरा असतो. दोरा पात्याच्या बुडाशी गुंडाळून सीलपर्यंत जातो. खिळा पात्याला दात पाडतो. चाकांवरची चुंबकी पट्टी आधी एकदा फिरवून घेणे हा मला सापडलेला सर्वांत स्वस्त विमा आहे. मांडवाची लोखंडी खुंटी जमिनीत तशीच राहिलेली असेल आणि पाते तिच्यावर आदळले, तर बऱ्या मशीनमध्ये फ्लायव्हील (इंजिनाचे जड चाक) शाफ्टवर धरून ठेवणारी मऊ चावी तुटते, ठिणगी पडण्याची वेळ सरकते आणि इंजिन बंद पडते. ही चावी स्वस्त असते आणि अशा वेळी तुटण्यासाठीच ती मऊ धातूची केलेली असते. नशीब वाईट असेल तर पाते ज्यावर बसते तो क्रँकशाफ्ट वाकतो आणि मग दुरुस्तीचा खर्च नव्या इंजिनाच्या दिशेने जाऊ लागतो. या कामासाठी जुने मशीन वेगळे ठेवावे असे माझे मत आहे, आणि दरही वेगळा लावावा.

आघाताचा विषय निघालाच आहे तर वेगही सांगतो. ५३ सेंटिमीटरचे पाते मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ८३ मीटर, म्हणजे ताशी ३०० किलोमीटर होतो. त्या टोकाने उडवलेला खडा सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाडीची काच सहज फोडतो. म्हणून बाजूने गवत फेकणारे मशीन सोसायटीत नेऊ नये. मागे पिशवी असलेले, आणि पिशवी काढल्यावर आपोआप पडणारे मागचे झाकण शाबूत असलेले मशीनच न्यावे. चष्मा, जाड बूट आणि कानांवर मफ हे सामान मशीनच्या किमतीतच धरावे. दांड्यावरचा खटका सोडला की पाते थांबलेच पाहिजे. काही मशीनांत खटका सोडल्यावर इंजिन चालू राहून फक्त पाते थांबण्याची सोय असते. पिशवी सतत रिकामी करावी लागते त्याला ती फार उपयोगाची आहे, आणि तिच्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. तो खटका दोरीने दांड्याला कायमचा बांधून ठेवलेली मशीने मी ठिकठिकाणी पाहिली आहेत. अशा मशीनला दुरूनच नमस्कार करावा.

पावसाळ्यात या वर्गाच्या मर्यादा उघड होतात. ओले गवत डेकच्या आत पोळीसारखे चिकटते, हवेचा प्रवाह अडतो, पिशवीत गवत जाण्याऐवजी ढिगाऱ्यांनी मागे पडते. डेकची आतली बाजू रोज कामानंतर लाकडी पट्टीने खरवडून कोरडी केली तर हा त्रास निम्मा होतो; स्टीलचा डेक असेल तर गंजही लांबतो. पण खरे औषध म्हणजे वाफसा येईपर्यंत थांबणे. चिखलात स्वतःच्या जोरावर चालणारी मागची चाके घसरतात आणि हिरवळीवर खोल चाकोऱ्या पडतात, ज्या भरायला माती आणि दोन महिने लागतात. जुलैत चार दिवस सलग पाऊस पडला की कामे तुंबतात, गिऱ्हाइकांचे फोन सुरू होतात आणि मोह होतो, तरीही थांबावे. पोडियमवर मातीचा थर पातळ असतो आणि खाली वॉटरप्रूफिंग असते, तिथे तर जास्तच.

ब्रश कटरशिवाय हे मशीन अर्धेच आहे. भिंतीची कड, झाडांची आळी, उतार, आणि फार्महाउसवर पावसाळ्यानंतर कमरेएवढे माजलेले रान इथे चार चाकांचे मशीन जात नाही. होंडाच्या जीएक्स ३५ या ३५.८ सीसीच्या चार-स्ट्रोक इंजिनाचे ब्रश कटर मला दोन कारणांनी सोयीचे वाटते : ते कोणत्याही कोनात चालते, आणि त्यात साधे पेट्रोल घालतात, म्हणजे मोवर आणि कटर यांना एकच कॅन पुरतो. दोन-स्ट्रोक कटर वजनाला हलके आणि रानात जास्त चपळ असते, पण त्याला पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. ५० ला १ या प्रमाणात लिटरला २० मिलिलिटर. एकट्याच्या गाडीत दोन सारखे दिसणारे कॅन असतील तर केव्हा तरी साधे पेट्रोल दोन-स्ट्रोकमध्ये जाते आणि पिस्टन आत जाम होतो. ज्याला डोंगरउतारावरची, रानाची कामे जास्त आहेत त्याने दोन-स्ट्रोकच घ्यावे आणि कॅन वेगळ्या रंगाचे ठेवावेत. जर्मन स्टिल कंपनीची या वर्गातली यंत्रे रानासाठी उत्तम आहेत आणि तिचे भारतातले कामकाज पुण्यातूनच चालते. हिरवळीच्या कडांसाठी नायलॉन दोरीचे डोके आणि रानासाठी तीन पात्यांचे पाते, अशी अदलाबदल करता येणारे कटर निवडावे. पट्टा दोन्ही खांद्यांचा हवा.

पेट्रोलविषयी एक सावधगिरी. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, आणि ज्या मशीनला हिवाळ्यात पंधरा-वीस दिवस काम नसते त्याच्या कार्ब्युरेटरमध्ये ते साचून जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याचे बारीक छिद्र, बुजवते, रबरी भाग कडक करते. काम थांबणार असेल तर टाकीचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे आणि कॅनमध्ये आठवड्यापुरतेच पेट्रोल ठेवावे. मोवरच्या १६३ सीसीच्या इंजिनाला चालत्या तासाला लिटरभराच्या आसपास पेट्रोल धरून दर लावावा. इंजिन ऑइल १०डब्ल्यू-३०. पहिल्या २० तासांनंतर बदलावे आणि पुढे, धुळीचे काम असल्याने, दर ५० तासांनी. एअर फिल्टर उन्हाळ्यात रोज झटकावा.

पर्यायांपैकी रीळ पद्धतीचे, म्हणजे फिरती पाती आणि स्थिर पट्टी यांच्यामध्ये कात्रीसारखे कापणारे मशीन क्रिकेटच्या मैदानावर आणि गोल्फच्या ग्रीनवर अप्रतिम काम करते. आठवडा चुकलेल्या सोसायटीच्या हिरवळीवर ते अडखळते, आणि एक खडा गेला की पट्टी घासून घ्यावी लागते. वायरचे विजेचे मशीन एक-दीड गुंठ्यापर्यंत ठीक आहे, पण दुसऱ्याच्या घरच्या सॉकेटवर, ओल्या गवतात, वायर मागे ओढत ते चालवायचे असते; ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच) नसलेल्या घरात मी ते लावत नाही.

बॅटरीच्या मशीनचा मोह मला समजतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. पेट्रोल मशीनचा चालवणाऱ्याच्या कानाशी येणारा आवाज त्याच्या कितीतरी वर असतो, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याची नोंद ताबडतोब होते. दुपारी १ ते ४ या वेळेत पुण्यात इंजिन सुरू करणे नियमाने नव्हे तरी रिवाजाने निषिद्धच आहे. शांत मशीन असेल तर सकाळी लवकर काम सुरू करता येईल हा फायदा खरा आहे. पण हिशोब पाहा : ३६ व्होल्ट आणि ६ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे २१६ वॉट-तास. दाट मेक्सिकनमध्ये मोटर ७००-८०० वॉट खेचत असेल तर ती जेमतेम १६ ते १८ मिनिटे चालते, म्हणजे अडीच-तीन गुंठे. दिवसभरासाठी अशा आठ-दहा बॅटऱ्या किंवा गिऱ्हाइकाकडे तासभर चार्जिंग लागते, आणि एप्रिलमध्ये बंद गाडीत तापलेली बॅटरी चार्जर घेतच नाही. ज्याची गिऱ्हाइके दोन-तीन बंगल्यांची आणि जवळजवळ आहेत त्याला आजही बॅटरी परवडेल. दिवसाला पंधरा-वीस गुंठे कापणाऱ्याला अजून नाही. कड कोरायला आणि फरशीवरचे गवत फुंकायला बॅटरीचे ट्रिमर व ब्लोअर मात्र आत्ताच घेण्यासारखे आहेत.

खरेदी कुठून करावी हा प्रश्न मशीनइतकाच महत्त्वाचा आहे. ऑनलाइन किंमत कमी दिसते, पण मशीन खोक्यातून अर्धवट जोडलेले येते, इंजिनात तेल नसते, आणि तेल न घालता दोरी ओढून इंजिन घालवलेल्यांची कहाणी प्रत्येक मेकॅनिककडे असते. अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावे, त्याच्यासमोर तेल आणि पेट्रोल घालून थंड मशीन स्वतः सुरू करून पाहावे, खटका सोडल्यावर पाते किती वेळात थांबते ते बघावे, आणि त्याच दिवशी एक जास्तीचे पाते, पात्याचा बोल्ट, स्पार्क प्लग, एअर फिल्टर, क्लच केबल आणि स्टार्टरची दोरी विकत घ्यावी. बेअरिंग, नटबोल्ट यांसारखे सर्वसाधारण सामान रविवार पेठेत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळते. पाते आणि केबल मात्र मॉडेलप्रमाणेच लागतात. आपल्या भागातला मेकॅनिक हे इंजिन उघडतो का, आणि पावसाळ्यात किती दिवसांत मशीन परत देतो, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे.

जुने मशीन मिळत असेल तर डेक उलटा करून गंजाने भोके पडली आहेत का ते पाहावे, प्लग काढून दोरी ओढताना पात्याचे टोक वर-खाली डुलते का ते बघावे, कारण डुलत असेल तर शाफ्ट वाकलेला आहे, आणि दहा मिनिटे चालवल्यावर धूर निळा येतो का ते पाहावे. शाफ्ट वाकलेला असेल तर किंमत कितीही कमी सांगितली तरी घेऊ नये. गंज थोडा असेल, इंजिन जीएक्सव्ही १६० असेल आणि धूर नसेल, तर नव्याच्या निम्म्या किमतीपर्यंत असे मशीन घ्यायला मला हरकत वाटत नाही. लग्नाच्या लॉन्ससाठी वेगळे ठेवायचे मशीन म्हणून तर मी तेच घेईन.